कर्करोगाची पूर्वखूण : डीएनए मेथिलेशन आणि मराठवाड्याचा अनुभव

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संकलित रूप)



सुवर्णमहोत्सव म्हटले की मागे वळून पाहावे, पूर्वसूरींचे स्मरण करावे, ही रीत आहे. ते कार्य माझ्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी येथे केलेच आहे. आयोजकांनी मला मात्र पुढे पाहण्याचा विषय दिला. कर्करोग शरीरात मूळ धरत असतानाच त्याची खूण रक्तातून किंवा पेशींतून ओळखता येईल काय, हा तो विषय. गेली अनेक वर्षे मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याचे काम करतो. त्या अनुभवाच्या आधारे चार शब्द आपल्यासमोर मांडतो.

आरंभ घरातल्याच एका आठवणीने करतो. आमच्या नात्यातील एक काकू. घर सुखवस्तू, आडतीचा व्यवसाय, कशाची उणीव नाही. पाळी जाऊन पाच-सहा वर्षे झाल्यावर त्यांना पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. त्यांनी तो दीड वर्ष कोणालाही सांगितला नाही. धाकट्या मुलीचे लग्न ठरायचे होते. "घरात हा रोग आहे असे कळले तर सोयरीक मोडेल," एवढीच त्यांची भीती. लग्न थाटात पार पडले. त्यानंतर त्यांची तपासणी झाली आणि त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींची काचपट्टी माझ्याच टेबलावर आली. रोग तोवर पसरलेला होता. पुढे अकरा महिन्यांनी काकू गेल्या. आजचा विषय विज्ञानाचा असला तरी माझ्या मनात तो त्या काचपट्टीपासून सुरू होतो.

खतावणीवरील चिठ्ठी

आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात व्यापार आहे. म्हणून व्यापाऱ्याच्या वहीचाच दाखला देतो. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाची एक मोठी खतावणी असते. ती ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेली असून तिच्यात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. यकृताच्या पेशीत, मेंदूच्या पेशीत आणि त्वचेच्या पेशीत वही तीच असते. मग यकृत यकृताचेच काम करते आणि मेंदू मेंदूचे, हे कसे? तर प्रत्येक पेशी वहीची काही पाने उघडते आणि उरलेली मिटून ठेवते. कोणते पान मिटलेले ठेवायचे, हे ठरविणाऱ्या ज्या रासायनिक खुणा आहेत, त्यांतील एक महत्त्वाची खूण म्हणजे मेथिलेशन.

एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच अणूंचा एक छोटा गट. त्याला मेथिल गट म्हणतात. 'सी' या अक्षरापुढे 'जी' असेल तर त्या 'सी'ला हा गट चिकटू शकतो. अक्षर बदलत नाही, मजकूरही बदलत नाही. जणू पानावर कोणी चिठ्ठी डकवावी की, "हे पान उघडू नये." मानवी खतावणीत अशा चिठ्ठ्या लागू शकतील अशी सुमारे दोन कोटी ऐंशी लाख स्थाने आहेत. पेशीचे विभाजन होताना मूळ वहीबरोबर चिठ्ठ्यांचीही नक्कल नव्या पेशीत उतरते.

निरोगी पेशीच्या वहीत काही पाने पहारेकऱ्यांची असतात. पेशी भरमसाट वाढू नये, बिघडलेली पेशी स्वतःहून नष्ट व्हावी, याची व्यवस्था ही जनुके पाहतात. कर्करोगात अनेकदा नेमक्या याच पानांवर चिठ्ठ्या डकवल्या जातात. पहारेकरी जागेवर असतो, पण त्याला आवाज उरत नाही. उलट वहीचा जो मोठा भाग मिटलेला असायला हवा, त्याच्या चिठ्ठ्या मात्र गळून पडतात. हा दुसरा प्रकार अमेरिकेतील फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी १९८३ साली दाखवून दिला. पहारेकरी जनुके मिटल्याचे पुरावे १९८९ पासून पुढे येत गेले.

खूण वाचण्याची युक्ती

चिठ्ठी वाचायची कशी? १९९२ साली एक सुलभ पद्धत पुढे आली. डीएनएवर बायसल्फाइट नावाच्या रसायनाची प्रक्रिया केली की ज्या 'सी'वर चिठ्ठी नाही तो बदलून जातो आणि ज्याच्यावर चिठ्ठी आहे तो टिकून राहतो. मग नेहमीच्या पीसीआर यंत्राने फरक ओळखता येतो. पीसीआर हा शब्द कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचला, त्यामुळे त्याविषयी अधिक सांगत नाही.

रोगाचे अस्तित्व किंवा त्याचे स्वरूप दर्शविणाऱ्या, मोजता येणाऱ्या खुणेला बायोमार्कर म्हणजे जैविक खूण म्हणतात. मेथिलेशन ही चांगली खूण ठरू शकते, याची कारणे चार. ती रोगाच्या प्रारंभीच, कधी कधी गाठ होण्यापूर्वीच उमटते. डीएनए हा रेणू चिवट असल्याने नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकतो. एकाच प्रकारच्या कर्करोगात ती अनेक रुग्णांत त्याच त्याच ठिकाणी आढळते. आणि प्रत्येक अवयवाची चिठ्ठ्यांची ठेवण निराळी असल्याने, रक्तात तरंगणारा डीएनएचा तुकडा कोणत्या अवयवातून आला असावा, याचाही माग लागू शकतो.

हे केवळ पुस्तकी ज्ञान राहिलेले नाही. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा नामक गाठीत 'एमजीएमटी' या जनुकावर चिठ्ठी असेल, तर टेमोझोलोमाइड हे औषध अधिक उपयोगी पडते, हे २००५ साली सिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाच्या नमुन्यातील मेथिलेशन पाहणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली, तर रक्तावर होणाऱ्या दुसऱ्या एका चाचणीला २०१६ साली. शौचाच्या चाचणीची परीक्षा सुमारे दहा हजार व्यक्तींवर झाली होती. तिने कर्करोग असलेल्या शंभरातील सुमारे ब्याण्णवांना अचूक ओळखले. मात्र कर्करोगापूर्वीच्या गंभीर गाठींपैकी निम्म्याहून कमी तिच्या हाती लागल्या. म्हणजे खूण आहे, पण ती सर्वज्ञ नाही.

शेजारच्या जिल्ह्यातील धडा

भगिनींनो, आता परदेशातून आपल्या अंगणात येऊ. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तो ज्या जिल्ह्यातून, त्या तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात कर्करोग-प्रतिबंधाच्या इतिहासातील एक मोठे संशोधन घडले आहे. जगातील वैद्यकीय ग्रंथ त्याचा आधार घेतात. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्याची पूर्वपीठिका बार्शीची. येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव कार्यकर्ते फिरू लागले. ते नोंद घेत आणि बरोबरच लोकांना लक्षणेही समजावून सांगत. काही वर्षांतच असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते. केवळ कोणीतरी दाराशी येऊन, संकोच न बाळगता, त्या रोगाचे नाव घेतले होते.

याच पायावर १९९९ साली टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे बावन्न समूह करून त्यांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची काचपट्टी, तिसऱ्यात आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, तर चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा. ज्यांत दोष आढळला त्यांना उपचार मिळाले. मग आठ वर्षे पाठपुरावा झाला.

निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या, आणि तेथे ६४ जणी दगावल्या. बळावलेल्या अवस्थेतील रोग एकीकडे ३९ जणींना, दुसरीकडे ८२ जणींना. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. त्या अभ्यासात उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत निश्चित म्हणता येईल अशी घट दाखवली नाही. मात्र आम्लाच्या पाहणीचा उपयोग पुढे मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात दिसून आला. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एक गोष्ट दडवून ठेवणे उचित होणार नाही. चौथ्या गटातील स्त्रियांची अशी तपासणी झाली नाही, याबद्दल पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. त्या वादाचा निवाडा मी येथे करत नाही. मात्र जे ज्ञान आज साऱ्या जगाला उपलब्ध आहे, त्यात आपल्या शेजारच्या त्या चौसष्ट भगिनींचे प्राण मिसळलेले आहेत. ते ज्ञान आपण वापरले नाही, तर त्यांच्या ऋणातून आपण कधीच मुक्त होणार नाही.

दहांतील एकीपुढचा प्रश्न

मग मेथिलेशनचा येथे संबंध काय? धाराशिवच्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी झालेल्या दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीचा निकाल सकारात्मक आला. परंतु विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा विषाणू आपोआप घालवून देते. थोड्याच जणींच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि पेशी बिघडवतो. या थोड्या कोण, हे ठरविण्यासाठी प्रत्येकीला पुन्हा बोलवावे लागते, कॉल्पोस्कोपी करावी लागते. खेड्यातल्या स्त्रीला दुसऱ्यांदा येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, घरच्यांची परवानगी, एस.टी.चे भाडे आणि मनातली धास्ती. किती तरी जणी दुसऱ्यांदा येतच नाहीत.

या ठिकाणी मेथिलेशनची खूण मोलाची ठरू शकते. विषाणू नुसताच पाहुणा आहे की त्याने पहारेकऱ्यांची पाने मिटायला घेतली आहेत, हे ती सांगू शकते. नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा दोन जनुकांवर दीर्घकाळ काम केले आहे. पंचवीसहून अधिक देशांतील पाचशेवर गर्भाशयमुख-कर्करोगांच्या नमुन्यांत ही खूण सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के ठिकाणी आढळली. विषाणू असूनही ज्यांच्यात ही खूण नव्हती, अशा स्त्रियांचा चौदा वर्षे माग घेतला असता त्यांच्यात कर्करोगाचा धोका कमीच राहिला. आणखी एक सोय अशी की, स्त्रीने स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही ही परीक्षा होऊ शकते. एकदाच दिलेला नमुना, त्यावर आधी विषाणूची चाचणी, आणि तो आढळलाच तर त्याच नमुन्यावर मेथिलेशनची. दहा जणींना घाबरवण्याऐवजी ज्या एका-दोघींना खरी गरज आहे त्यांनाच बोलवायचे. मराठवाड्यासारख्या प्रदेशासाठी याहून उपयुक्त वापर मला दिसत नाही. तरीही आपल्याकडे सर्वत्र लागू करण्याआधी तिची किंमत, प्रयोगशाळांची तयारी आणि आपल्याच भगिनींवरील अनुभव हे सारे तपासावे लागेल.

जाहिरात आणि हिशेब

बंधूंनो, आता एक सावधगिरीचा शब्द. "एका थेंबात पन्नास कर्करोगांचे निदान" अशा धर्तीची माहितीपत्रके हल्ली मोठ्या शहरांतून आपल्यापर्यंत येतात. रक्तातील मेथिलेशनवरून अनेक कर्करोग शोधण्याचे संशोधन खरे आहे, गंभीर आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली सुमारे १,४०,००० व्यक्तींचा अभ्यास याकरिताच सुरू झाला. पण प्रारंभीच्या गाठीतून रक्तात येणारा डीएनए अत्यल्प असतो. त्यामुळे जेव्हा निदान सर्वांत उपयोगी, नेमकी तेव्हाच चाचणी चुकण्याची शक्यता अधिक. शिवाय वयोमानानेही चिठ्ठ्या बदलतात.

आपण हिशेबात मुरलेली माणसे आहोत, तेव्हा एक हिशेब मांडू. समजा दहा हजार निरोगी दिसणाऱ्या माणसांत पन्नास जणांना छुपा रोग आहे. चाचणी शंभर रोग्यांतले नव्वद पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या पंच्याण्णवांना बरोबर निरोगी ठरवते. ऐकायला उत्तम! ती पन्नासांपैकी पंचेचाळीस पकडेल. पण उरलेल्या ९,९५० निरोग्यांपैकी सुमारे पाचशे जणांनाही ती रोगी ठरवेल. म्हणजे कागदावर "सकारात्मक" असे वाचणाऱ्या बारा माणसांत अकरा निरोगी! त्यांच्या वाट्याला धावपळ, खर्च आणि झोप उडवणारी काळजी. म्हणून नवी चाचणी करून घेताना तीन प्रश्न विचारावेत. ती माझ्यासारख्या निरोगी माणसांवर तपासली आहे काय? निकाल सकारात्मक आला तर पुढची वाट कोणती? आणि तिच्यामुळे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर धाराशिवच्या साध्या चाचणीजवळ आहे. चकचकीत माहितीपत्रकाजवळ ते आहेच असे गृहीत धरू नये.

सवयीची खूण

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ सालीच दाखवून दिले होते की, माणसांच्या चालीरीती आणि सवयी यांचा त्यांना होणाऱ्या कर्करोगाशी निकटचा संबंध असतो. आज तो संबंध जनुकांच्या वहीतही वाचता येतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात 'एएचआरआर' या जनुकावरील चिठ्ठ्या ठळकपणे कमी झालेल्या आढळतात. दिलासा हा की, सवय सोडल्यावर ही खूण वर्षागणिक पूर्वपदाकडे सरकू लागते. शरीर क्षमा करते, पण आपण थांबलो तरच. आपल्या भागात तंबाखू, मिश्री आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही न संपलेला गुटखा, यांचे प्रमाण आपण सारे जाणतो. दुकानाच्या गादीवर बसणारे आपले तरुणही त्यास अपवाद नाहीत.

डाग नव्हे

शेवटी काकूंकडे परत येतो. त्यांना भीती रोगाची नव्हती, घराण्याला लागणाऱ्या डागाची होती. म्हणून स्पष्ट सांगतो. आईवडिलांकडून थेट वारशाने आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कर्करोग एकूण कर्करोगांत पाच ते दहा टक्केच आहेत. गाठीत दिसणाऱ्या मेथिलेशनच्या चिठ्ठ्या बहुतांशी त्याच व्यक्तीच्या आयुष्यात, त्याच अवयवाच्या पेशींत लागलेल्या असतात. त्या मुलीच्या अंगी जन्मतः उतरत नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर मुख्यतः एका सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूमुळे होतो, आणि या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही आणि कुळाचाही नाही. काकूंच्या आजाराने त्यांच्या मुलीच्या सोयरिकीत काहीही उणे झाले नसते. काकू मात्र आज आपल्यात असत्या.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ऐंशी हजार दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. आपल्या हातात काय आहे? पहिले, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या अशा लशीला २०२२ साली मान्यता मिळाली आहे. दुसरे, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीची तपासणी. पस्तिशीच्या आणि पंचेचाळिशीच्या सुमारास एकेकदा तरी एचपीव्ही चाचणी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. तिसरे, तंबाखू खाणाऱ्यांची वरचेवर तोंडाची तपासणी. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात डोळ्यांनी केलेल्या अशा तपासणीने व्यसनी माणसांमधील मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटले, हे २००५ साली दिसून आले. आणि चौथे, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ, यांपैकी काहीही असले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाणे. लग्नसराई असली तरी.

न्यासाने पन्नास वर्षांत अनेक कार्ये केली. एक्कावन्नाव्या वर्षी माझी विनंती एवढीच की, वर्षातून एक दिवस तीस ते एकोणसाठ वयाच्या भगिनींच्या तपासणीसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी समाजातील ज्येष्ठ महिलांनी स्वतः सर्वांत आधी नाव नोंदवावे. सासूबाई रांगेत उभ्या दिसल्या की सुनेला संकोच उरत नाही. बार्शी आणि परंड्याच्या गावांत तीन तपांपूर्वी जे घडले, ते नांदेड आणि लातूरच्या आपल्या घरांत घडायला अडचण ती कोणती?

उद्या मेथिलेशनची चाचणी आपल्या जिल्ह्यात येईल, आणि ती यावी अशी माझी मनोमन इच्छा आहे. पण सर्वांत सूक्ष्म खूण वाचणारे यंत्रही, जी स्त्री नमुना देण्यास आलीच नाही तिचा रोग ओळखू शकणार नाही. तिला दारातून बाहेर आणणे हे काम प्रयोगशाळेचे नाही. ते आपले आहे.